तिसरं शाही अंडं आणि 1902 च्या काचेच्या कपाटाचा फोटो

अंड्याच्या सोन्यावर कानशीचे ओरखडे आहेत. कुणीतरी सोनं खरं आहे ना, किती कसाचं आहे, हे पाहायला ते घासलं होतं, आणि तेही एकदा नव्हे. बैठकीसकट जेमतेम 8.2 सेंटिमीटर उंचीची वस्तू, म्हणजे मधल्या बोटाएवढी. रशियाच्या झारने 1887 च्या ईस्टरला आपल्या राणीला दिलेली ही भेट सव्वाशे वर्षांनी अमेरिकेतल्या एका मोडीच्या व्यापाऱ्याच्या हातात होती. ती आटवायची, एवढाच त्याचा विचार होता.

माझं बालपण सराफाच्या पेढीवर गेलं. त्यामुळे मोड म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. गिऱ्हाईक जुना दागिना काउंटरवर ठेवतं. आधी वजन होतं, मग कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढली जाते, शंका आली तर कानस चालते. खडे काढून पुडीत बांधून परत दिले जातात. मग दागिना मुशीत जातो आणि दहा मिनिटांत त्याची लगड होते. दागिना कुणी घडवला, कुणी घातला, कोणत्या लग्नात घातला, यातलं काही लगडीवर उरत नाही. म्हणून हे प्रकरण वाचलं तेव्हा ते ओरखडे मला फार ओळखीचे वाटले. संग्रहालयाच्या कामात आल्यावर नोंदणी शिकणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा हेच प्रकरण सांगते, कारण ही वस्तू वाचली ती एका प्रदर्शनाच्या फोटोमुळे, दोन नीट लिहिलेल्या नोंदींमुळे आणि घड्याळाच्या तबकडीवरच्या एका नावामुळे.

वस्तू

ईस्टरला अंडी देणं ही रशियन ऑर्थोडॉक्स घरातली जुनी चाल. झार अलेक्झांडर तिसरा याने 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गचा सराफ कार्ल फॅबर्जे याच्याकडून राणी मारिया फ्योदोरोव्हना हिच्यासाठी पहिलं रत्नजडित अंडं करून घेतलं. राणी मूळची डेन्मार्कची राजकन्या. तिला ते इतकं आवडलं की दरवर्षीचा पायंडा पडला. अलेक्झांडरच्या हयातीत दहा अंडी झाली. त्याचा मुलगा निकोलस दुसरा आई आणि बायको अशा दोघींना देऊ लागला. रशिया-जपान युद्धामुळे 1904 आणि 1905 ही दोन वर्षं तेवढी सुटली. एकूण 50 अंडी राजघराण्याच्या हातात पोचली. अभ्यासक यांनाच शाही अंडी म्हणतात, आणि आपलं अंडं त्या माळेतलं तिसरं.

ते काम फॅबर्जेचा प्रमुख दागिने-कारागीर ऑगस्ट होल्मस्ट्रॉम याच्या कारखान्यात झालं. पिवळ्या सोन्याच्या अंड्याला कंगोरे आहेत. त्याखाली तीन पायांची बैठक, आणि पाय खाली सिंहाच्या पंजात संपतात. बैठकीला तीन नीलम जडवलेले आहेत, पैलू न पाडता नुसते घोटून गोल केलेले. प्रत्येक नीलमाच्या डोक्यावर बारीक हिऱ्यांची फीत आहे, आणि नीलमापासून नीलमापर्यंत रंगीत सोन्याच्या फुलमाळा सोडल्या आहेत. सोन्यात तांबं जास्त घातलं की लाली येते, चांदी जास्त घातली की हिरवट छटा येते. सोनाराला हे रोजचंच, पण बोटाएवढ्या बैठकीवर तीन छटांची माळ वेगवेगळी घडवून जोडायची, हे हाताचं काम आहे. आणि आटवलं की या तिन्ही छटांचं एकच सोनं होतं.

अंड्याच्या पोटाशी हिऱ्याचं एक बटण आहे. ते दाबलं की अंडं उघडतं आणि आत बायकांचं घड्याळ दिसतं. पांढऱ्या मिन्याची तबकडी, जाळीदार काटे, त्यांवर हिरे. हे घड्याळ जिनिव्हाच्या व्हॅशरॉन कॉन्स्टंटाँ कंपनीचं. फॅबर्जेच्या कारागिरांनी ते मूळ डबीतून काढून अंड्यात बसवलं आणि बिजागरीवर असं ठेवलं की ते उभं करून वेळ पाहता यावी. तबकडीवर कंपनीचं नाव तसंच राहू दिलं. ते त्यांनी झाकलं असतं, तर हे प्रकरण मला लिहायला मिळालं नसतं.

राजदरबाराच्या हिशेबात या अंड्याची नोंद आहे: घड्याळाचं ईस्टर अंडं, हिरे आणि नीलम जडवलेलं, किंमत 2,160 रुबल. नीलम हा शब्द लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच शब्दावर फिरतं.

कपाट

मार्च 1902. सेंट पीटर्सबर्गमध्ये नेवा नदीच्या काठी, इंग्लिश घाटावर, फॉन डेर्विस यांच्या वाड्यात एक प्रदर्शन भरलं. निकोलसची बायको, राणी अलेक्झांड्रा फ्योदोरोव्हना, हिच्या आश्रयाने, धर्मादाय कामाला पैसे उभे करण्यासाठी. दोन्ही राण्यांनी आपापल्या खाजगी वस्तू पाठवल्या. शाही अंडी एरवी महालाच्या आतल्या दालनांत असायची; 1900 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात काही गेली होती, तेवढी सोडली तर घरची माणसं, पाहुणे आणि नोकर यांच्याखेरीज कुणी पाहिलेली नव्हती. शहरातल्या लोकांना ती पहिल्यांदा इथे दिसली.

काचेच्या उंच कपाटांत वस्तू दाटीवाटीने मांडल्या होत्या. आजच्या मांडणीच्या शिस्तीत हे बसणार नाही. प्रत्येक वस्तूला मोकळी जागा नाही, वेगळा प्रकाश नाही, एकामागे एक वस्तू. या कपाटांचे फोटो काढले गेले. काळेपांढरे, काचेवर खिडक्यांची चकाकी, मागच्या वस्तू अर्धवट झाकलेल्या. थोरल्या राणीच्या, म्हणजे मारियाच्या, कपाटाच्या फोटोत, इतर अंड्यांच्या गर्दीत, सिंहाच्या पायांच्या बैठकीवर एक लहानसं अंडं दिसतं.

तेव्हा कुणाला त्याचं विशेष वाटायचं कारण नव्हतं. पुढच्या 112 वर्षांत हे अंडं आपली ओळख सांगून कुठेही लोकांपुढे आलं नाही.

कागदांतला माग

1917 च्या क्रांतीनंतर राजवाड्यांतल्या मौल्यवान वस्तू जमा करून मॉस्कोला, क्रेमलिनच्या शस्त्रागारात नेल्या गेल्या. त्या जप्तीच्या यादीत एक नोंद अशी आहे, की सोन्याच्या अंड्यात बायकांचं सोन्याचं घड्याळ बसवलेलं. 1922 मध्ये हा ऐवज सरकारच्या दुसऱ्या खात्याकडे सोपवला तेव्हा पुन्हा यादी झाली. त्यात सोन्याचं अंडं, घड्याळ, हिऱ्याचं बटण, सोन्याची बैठक, तीन नीलम, बारीक हिरे असं सगळं ओळीने लिहिलेलं आहे.

ही यादी लिहिणाऱ्या कारकुनाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. दुष्काळाचं आणि धरपकडीचं वर्ष. राजघराणं संपलेलं, खोक्यांवर खोकी आलेली. वस्तू कुणाची, कुणी घडवली, हे त्याने लिहिलं नाही; त्याला बहुधा ते विचारायचंही नव्हतं. पण डोळ्यांना जे दिसलं ते त्याने नेमकं लिहिलं. तीन नीलम म्हणजे तीन. चार नाहीत, आणि नुसते 'निळे खडे' असंही नाही.

त्यानंतर माग तुटतो. सोव्हिएत सरकारला परकीय चलन हवं होतं आणि जुन्या राजवटीचे दागिने हा विकण्याजोगा माल होता. 1927 मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात रशियन राजमुकुटाच्या खजिन्यातल्या 124 गोष्टी विकल्या गेल्या. फॅबर्जेची अंडी एकेक करून व्यापाऱ्यांच्या हाती गेली. क्रेमलिनच्या शस्त्रागारात आज त्यांतली दहा उरली आहेत. बाकीची जगभर विखुरली. पाच व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या संग्रहालयात आहेत, तीन ब्रिटिश राजघराण्याकडे, आणि अमेरिकन फोर्ब्स कुटुंबाकडची नऊ 2004 मध्ये एका रशियन उद्योगपतीने लिलावाआधीच एकगठ्ठा घेतली; ती आता सेंट पीटर्सबर्गच्या शुवालोव्ह वाड्यातल्या फॅबर्जे संग्रहालयात आहेत.

या उलथापालथीत नोंदी किती कामाला येतात, याचं आणखी एक उदाहरण इथेच सांगते, कारण पुढे जागा मिळणार नाही. रशियन राजरत्नांचा सचित्र सूचीग्रंथ 1925 च्या सुमाराला खनिजशास्त्रज्ञ अलेक्झांडर फर्समन यांच्या देखरेखीखाली छापला गेला आणि सगळे तोच प्रमाण मानत. पुढे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथालयात 1922 चा एक फोटो अल्बम मिळाला, टिफनी या अमेरिकन पेढीचे रत्नपारखी जॉर्ज कुंझ यांच्या पुस्तकसंग्रहात पडून असलेला. ग्रंथपालांनी दोन्ही शेजारी ठेवून पान न् पान पडताळलं. अल्बममधले चार दागिने छापील ग्रंथात नव्हतेच. मधल्या तीन वर्षांत ते कुठे गेले, हा प्रश्न त्या अल्बममुळे निदान विचारता तरी आला.

चुकलेली ओळख

आता प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग. तिसरं अंडं हरवलं आहे, हेच अनेक वर्षं कुणाच्या ध्यानात नव्हतं. कारण त्याच्या जागेवर दुसरंच अंडं बसलं होतं.

मोनॅकोच्या राजघराण्याकडे फॅबर्जेचं एक सुंदर अंडं आहे. निळ्या मिन्याचं, हिऱ्यांचा साप वेटोळं घालून फणा वर काढतो आणि फिरत्या तबकडीवरची वेळ दाखवतो. 1887 चं अंडं घड्याळाचं होतं, हे हिशेबावरून माहीत होतं. हेही घड्याळाचं. मग हेच ते, असं धरून चाललं. पुस्तकांतही तसंच छापलं गेलं, आणि एकदा छापलं गेल्यावर पुढचे लोक पुस्तकावरून पुस्तक लिहीत राहिले.

अडचण एवढीच होती की हिशेबात नीलम होते आणि सापाच्या अंड्यावर एकही नीलम नाही. ही विसंगती कागदावर समोरच होती. निळा रंग मिन्याचा होता, आणि बहुतेक त्या निळाईनेच नजर फसली असावी. रशियन दप्तरं अभ्यासकांना खुली झाल्यावर जुने हिशेब आणि याद्या एकत्र वाचल्या गेल्या. तेव्हा कळलं की सापाचं अंडं 1895 चं आहे आणि 1887 ची जागा रिकामी आहे. म्हणजे अजून एक अंडं कुठेतरी आहे, निदान होतं.

मुलांना मी इथे थांबवते आणि विचारते, की तुमच्या नोंदवहीत 'अमुक असावं' असं पेन्सिलीने लिहिलेलं कुठे कुठे शाईने पक्कं झालं आहे? उत्तर द्यायला कुणालाच फार वेळ लागत नाही.

1964 चा लिलाव

हरवलेल्या अंड्याचा पुढचा धागा अ‍ॅना आणि व्हिन्सेंट पाल्माड या संशोधक जोडप्याला 2011 मध्ये सापडला. न्यूयॉर्कच्या पार्क-बर्नेट या लिलावगृहाच्या मार्च 1964 च्या सूचीत एक फोटो होता. सिंहाच्या पायांची बैठक, तीन खडे, फुलमाळा, वर अंडं. सूचीत वर्णन होतं ते अंड्याच्या आकाराच्या पेटीतल्या सोन्याच्या घड्याळाचं, तिरंगी सोन्याच्या रत्नजडित बैठकीसह. फॅबर्जेचं नाव नाही, रशियाचं नाव नाही. ते 2,450 डॉलरना विकलं गेलं होतं.

1902 च्या कपाटाचा फोटो आणि 1964 च्या सूचीतला फोटो शेजारी ठेवले, आणि वस्तू एकच असल्याचं दिसलं. मधली बासष्ट वर्षं, एक क्रांती आणि दोन महायुद्धं ओलांडून दोन काळेपांढरे फोटो एकमेकांना भेटले. अंडं सोव्हिएत काळात आटवलं गेलं नव्हतं, ते 1964 पर्यंत अमेरिकेत शाबूत होतं, एवढं आता पक्कं झालं.

या लिलावाकडे नोंदणी करणाऱ्याच्या नजरेने पाहिलं की एक गोष्ट खटकते. सूची लिहिणाऱ्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. पण वस्तूचं मुख्य नाव 'घड्याळ' झालं आणि अंडं नुसती पेटी झाली. घड्याळांत शोधणाऱ्याला अंड्याशी कर्तव्य नव्हतं, आणि अंड्यांमागे लागलेल्यांनी घड्याळांची पानं उलटली नाहीत. 1922 च्या कारकुनाने 'घड्याळ असलेलं अंडं' लिहिलं होतं, 1964 च्या सूचीने 'अंड्यातलं घड्याळ' लिहिलं. शब्द तेच, क्रम उलटा, आणि तेवढ्याने वस्तू सत्तेचाळीस वर्षं दिसेनाशी झाली. तरी त्या सूचीने फोटो छापला होता. तो छापला नसता तर नुसत्या वर्णनावरून ओळख पटवायला कुणी धजलं नसतं.

2011 मध्येच लंडनच्या 'द टेलिग्राफ' या वर्तमानपत्राने ही बातमी छापली. सुमारे दोन कोटी पौंडांचं अंडं कदाचित कुणाच्या तरी घरात शोभेची वस्तू म्हणून पडलेलं असेल, असा तिचा रोख होता.

मोडीचा व्यापारी

ते खरंच तसं पडलेलं होतं. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका मोडीच्या व्यापाऱ्याने ते काही वर्षांपूर्वी जुन्या सामानाच्या बाजारात घेतलं होतं. सुमारे 14,000 डॉलर मोजले होते. हिशेब साधा होता: सोन्याचं वजन, त्यात खड्यांची किंमत, आटवल्यावर सुमारे पाचशे डॉलर सुटतील. त्याचं नाव जाहीर झालेलं नाही आणि ते न होणंच बरं.

त्याने ते दाखवलं तर घेणारे म्हणत, एवढे पैसे होत नाहीत. सोनं घासून पाहत, वजन करत, मान हलवत. ओरखडे तेव्हाचे. खरेदीत त्याचा अंदाज चुकला होता, त्याने जास्त दिले होते, म्हणून कुणी घेईना. कमी दिले असते तर सौदा पहिल्याच पेढीवर झाला असता, आणि अंडं त्याच दिवशी मुशीत गेलं असतं. आमच्या पेढीवरही असं व्हायचं. गिऱ्हाइकाला भाव पटला नाही की ते दागिना पदराला बांधून घरी घेऊन जायचं. त्या न पटलेल्या भावांनी किती दागिने वाचले असतील, याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

2012 मधल्या एका संध्याकाळी त्याने घड्याळाच्या तबकडीवरचं नाव वाचलं आणि गूगलवर दोन गोष्टी टाकल्या: 'अंडं' आणि 'व्हॅशरॉन कॉन्स्टंटाँ'. टेलिग्राफची बातमी समोर आली. बातमीत फोटो होता. तीच वस्तू त्याच्या घरात होती.

त्याने फोटो काढले आणि तो लंडनला गेला, वार्टस्की या पेढीत. 1865 मध्ये वेल्समध्ये सुरू झालेली ही जुनी पेढी. 1920 च्या दशकात सोव्हिएत सरकारकडून फॅबर्जेच्या वस्तू घेणाऱ्यांत तिचे लोक होते. बातमीत तिथले तज्ज्ञ कायरन मॅकार्थी यांचं नाव होतं. मॅकार्थींनी फोटो पाहिले आणि ते अमेरिकेला त्याच्या घरी गेले. त्यांनी पुढे सांगितलं आहे, की अंडं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होतं, कपकेकच्या शेजारी.

ओट्यावरच्या त्या अंड्यापाशी एक माणूस 1887 चा हिशेब, 1922 ची यादी, 1902 च्या कपाटाचा फोटो आणि 1964 ची सूची हे सगळं डोक्यात घेऊन उभा आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. हिऱ्याचं बटण होतं, घोटलेले नीलम तीन होते, पंजाचे पाय होते. एकेक खूण जुळत गेली.

पेढीने ते एका खाजगी संग्राहकासाठी विकत घेतलं. व्यवहाराचा नेमका आकडा जाहीर केला गेला नाही. त्या व्यापाऱ्याचं घर मात्र त्या दिवसापासून बदललं असणार.

पुन्हा काचेमागे

एप्रिल 2014 मध्ये ईस्टरच्या आधीचे चार दिवस, 14 ते 17 तारखेला, अंडं वार्टस्कीच्या लंडनमधल्या दुकानात लोकांसाठी ठेवलं गेलं. 1902 नंतर पहिल्यांदाच.

त्यानंतर ते मोठ्या प्रदर्शनात आलं ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. (मुंबईत भायखळ्याचं आपलं भाऊ दाजी लाड संग्रहालय पूर्वी याच नावाने ओळखलं जाई.) 20 नोव्हेंबर 2021 ते 8 मे 2022 या काळात फॅबर्जेवर हे प्रदर्शन होतं, दोनशेहून अधिक वस्तूंचं. मॅकार्थी त्याच्या दोन अभिरक्षकांपैकी एक होते. शेवटच्या दालनात 15 शाही अंडी एकत्र होती. मॉस्कोच्या क्रेमलिनमधूनही काही उसनी आणली होती. हे प्रदर्शन चालू असतानाच, फेब्रुवारी 2022 मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केला. रशियन संग्रहालयांकडून इतक्या वस्तू इतक्या सहज आणणं त्यानंतर शक्य राहिलं नाही.

त्या दालनातली बहुतेक अंडी तिसऱ्याहून दिखाऊ. क्रेमलिनचं अंडं म्हणजे तर मनोरेच उभे केलेले. त्यांच्यापुढे हे लहान, सोन्याच्याच रंगाचं, शांत. तरी मी विद्यार्थ्यांना हेच दाखवते. बाकीच्यांना नेहमी कुणीतरी सांभाळत होतं. हे कित्येक वर्षं फक्त कागदांत आणि फोटोत जिवंत होतं.

या प्रकरणातून आमच्या कामासाठी

फॅबर्जेच्या नावाने बनावट वस्तूंचा बाजार मोठा आहे. 2021 च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमधल्या फॅबर्जे प्रदर्शनातल्या अनेक वस्तू बनावट असल्याचा आरोप एका व्यापाऱ्याने खुल्या पत्रातून केला. संग्रहालयाने तो मान्य केला नाही. त्या वादात मी पडणार नाही. पण वाद कशावरून होतो ते पाहा: वस्तूचा माग दाखवता येतो की नाही यावरून. तिसऱ्या अंड्याच्या वाट्याला सोव्हिएत काळही आला आणि मोडीचा बाजारही, तरी त्याच्याबद्दल असा वाद उभा राहिला नाही, कारण 1887, 1902, 1917, 1922 आणि 1964 या पाच ठिकाणी त्याचा पुरावा आहे आणि पाचही एकमेकांशी जुळतात.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर नाशिकच्या हिऱ्याचा देते. पेशव्यांच्या खजिन्यातला हा हिरा 1818 च्या पराभवानंतर इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला गेला. तिथे त्याचे पैलू बदलले, आणि 1940 मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा नव्याने पाडले, तेव्हा तो 43.38 कॅरेटचा उरला. मूळचा नव्वदीच्या आसपास होता. हिऱ्याला नवा आकार दिला तरी तो हिराच राहतो, त्याचं मोल बाजारात वाढतंही, पण पेशव्यांच्या जवाहिरखान्यात जो दिसत होता तो दगड आता कुणालाच दिसणार नाही. अंड्याचं तसं झालं नाही, याचा म्हणूनच मला इतका आनंद आहे.

कामाच्या दृष्टीने मी या प्रकरणानंतर दोन सवयी बदलल्या. पहिली, प्रदर्शन मांडून झालं की प्रत्येक वस्तूच्या सुट्या फोटोबरोबर आख्ख्या कपाटाचा फोटोही घेते, चारही बाजूंनी, काचेची चकाकी आली तरी. सुट्या फोटोत आपल्याला महत्त्वाच्या वाटलेल्या वस्तूच येतात. कपाटाच्या फोटोत मागे राहिलेली, झाकलेली, कुणी न निवडलेलीही येते. दुसरी, वर्णनात आधी मोजता येणारं लिहिते: किती खडे, कोणते, पाय किती, उंची किती, कुठे खरचटलं आहे. कुणाचं, कोणत्या शैलीचं, कोणत्या काळाचं, हे त्याखाली आणि वेगळ्या ओळीत. घरच्या दागिन्यांची यादी करणाऱ्यांनाही मी हेच सांगते. आजीची ठुशी 'जुनी, सोन्याची' असं लिहून भागत नाही; तिचे मणी मोजा, फासा कसा आहे ते लिहा, पदराच्या कोपऱ्यावर ठेवून एक फोटो काढा.

अजून न मिळालेली

पन्नासपैकी सात शाही अंडी अजून बेपत्ता आहेत. त्यांतलं 1888 चं, देवदूत आणि रथाचं, त्याच 1902 च्या प्रदर्शनात होतं. त्याचा सरळ फोटो नाही. दुसऱ्या एका अंड्यामागे, कपाटाच्या काचेत पडलेलं त्याचं अंधुक प्रतिबिंब तेवढं अभ्यासकांना दिसलं आहे. फोटो काढणाऱ्याला ते दिसलंही नसेल.

1889 चं अंडं राणीच्या साजशृंगाराच्या सामानाचं. आत तेरा लहान लहान वस्तू, बाहेर हिरे, माणकं, पाचू आणि एक नीलम. हे अंडं वार्टस्कीनेच 1949 मध्ये लंडनला भरवलेल्या फॅबर्जे प्रदर्शनात होतं. ते काय आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्या प्रदर्शनाच्या कपाटाचाही फोटो आहे आणि त्यात ते दिसतं. 1952 मध्ये पेढीने ते 1,250 पौंडांना विकलं. घेणाऱ्याला नाव नोंदवायचं नव्हतं. विक्रीच्या वहीत त्याच्या नावाच्या जागी लिहिलं आहे: एक अनोळखी माणूस.